चोविसावा गॉगल

नंदाताईंनी तारेची घासणी गॉगलवरून दोनदा गोल फिरवली, गॉगल खिडकीच्या उजेडात धरला आणि पुढे केला.

"बघा बाई. वापरातला वाटतो की नाय?"

विनिताबाईंनी पाहिलं. ओरखडे बारीक उठले होते. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गॉगलची पिशवी कात्रीनं कापली.

प्रयोगशाळेत त्या दोघीच होत्या, बाई शिकवणाऱ्या आणि नंदाताई परिचर. बारा वाजता चौकशीचे अधिकारी येणार होते. त्याआधी चोवीस कोरे गॉगल जुने करायचे होते. मुख्याध्यापक कोल्हटकर सर सकाळी तसं बोलले नव्हते. "गॉगल वापरात दिसले पाहिजेत," एवढंच म्हणाले होते. शहाण्याला शब्दाचा मार.

प्रयोगाच्या वेळी डोळ्यांवर लावायचे हे गॉगल शाळेत येऊन तीन वर्षं झाली होती. कपाटात कुलूप लावून ठेवले होते ते विनिताबाईंनीच. पोरांच्या हाती दिले की पट्टे तुटतात, चरे पडतात, मग तपासणीला कोणी आलं की दाखवायचं काय? म्हणून वर्षातून एकदा ते पिशव्यांसकट टेबलावर मांडायचे आणि संध्याकाळी पुन्हा आत. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे खरं, पण हत्ती ते निदान तोंडात तरी बाळगतो.

अकरा दिवसांपूर्वी दहावीचं प्रात्यक्षिक होतं. जस्ताचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकून तापवायचे. बाई फळ्यावर 'दक्षता' लिहीत होत्या. परीक्षानळीचे तोंड कोणाकडेही रोखू नये, हे वाक्य अर्ध्यावर होतं तेव्हा साकेतच्या नळीतलं द्रावण उसळलं आणि शेजारच्या श्रियाच्या डाव्या डोळ्यात गेलं. बाईंनी तिला नळाखाली धरलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. सगळं नियमाप्रमाणे. बैल गेला आणि झोपा केला.

त्या दिवसापासून त्यांना काही वाटेनासंच झालं होतं. त्या जेवत होत्या, झोपत होत्या, इतर वर्गांचे तासही घेत होत्या. परवा तर चहात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि ते त्यांना कप रिकामा झाल्यावर कळलं. सरांनी निवेदन टाइप करून समोर ठेवलं होतं: 'सर्व विद्यार्थ्यांना गॉगल दिले होते. सदर विद्यार्थिनीने तो स्वतः काढला.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. सही अजून करायची होती. करायची नाही, असंही काही ठरवलं नव्हतं.

"तेवीस झाले," नंदाताई म्हणाल्या. "शेवटचा द्या."

तेवढ्यात दार वाजलं. नंदाताईंनी पटकन फडकं ओढून गॉगल झाकले.

दारात श्रिया उभी होती. डोळ्यावर पांढरी पट्टी, पाठीला दप्तर. दिव्याहून लोकलनं आईबरोबर आली होती.

"बाई, येऊ का?"

"ये. आई कुठंय?"

"ऑफिसबाहेर बसलीय. बाराला बोलावलंय ना आम्हाला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"उजेड कळतो. बाकीचं महिन्याने सांगणार." ती जवळ आली आणि आवाज खाली आणत म्हणाली, "बाई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी सांगणारे की मीच काढलेला गॉगल. घाम येत होता म्हणून."

विनिताबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"सर म्हणाले, नाहीतर तुमची नोकरी जाईल. दोनच वर्षं राहिलीत ना तुमची?" श्रिया बोटाशी चाळा करत राहिली. "फक्त एक विचारायचं होतं. तो गॉगल कसा असतो, बाई? म्हणजे त्यांनी रंगबिंग विचारला तर? मी बघितलाच नाहीये ना कधी."

नंदाताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

विनिताबाईंच्या मांडीवर शेवटचा गॉगल होता, पिशवीतच. त्यांनी तो उचलून तिच्या हातात दिला. श्रियानं तो उलटसुलट करून पाहिला, पिशवीवरचं शाळेचं नाव आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख पाहिली. पाठ करावं तसं पुटपुटली, "हिरवी कड, काळा पट्टा." मग पिशवीसकटच उजव्या डोळ्यासमोर धरला.

"ह्याच्यातून दिसतं की हो छान," ती म्हणाली.

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. कात्रीनं अंगठा कधीतरी कापला होता. तो आत्ता झोंबायला लागला, आणि मग एकाएकी सगळंच झोंबायला लागलं. फळ्यावरचं ते अर्धं वाक्य आठवलं, श्रियाची ती किंकाळी आठवली. त्यांना रडू आलं. पोरीसमोर रडायचं नाही म्हणून त्या उठून नळापाशी गेल्या, अंगठा धुतला, तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं पुसत परत आल्या.

"आण तो इकडे," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. घामबिम काही सांगायचं नाही. बघितला नव्हता ना कधी? मग तेच सांगायचं."

"पण बाई, तुमची..."

"आई एकटी बसलीय. चल, मीपण येते."

त्यांनी पर्स तिथेच टेबलावर ठेवली. नंदाताई घासणी हातात घेऊन उभ्या होत्या.

"बाई, तेवढा एक घासायचा राहिलाय."

"राहू दे," विनिताबाई म्हणाल्या. त्यांनी गॉगल होता तसा पिशवीतच हातात घेतला, दुसऱ्या हातानं श्रियाच्या पाठीवरचं दप्तर उतरवून आपल्या खांद्याला लावलं, आणि दोघी ऑफिसकडे निघाल्या.