खोटा खोकला

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मावशीला आयुष्यातली पहिली नोकरी लागली, तीही सख्ख्या भाचीच्या औषधाच्या दुकानात. भाची कॉलेजात औषधं शिकली होती. मावशी दोन पोरांच्या आणि एका नवऱ्याच्या दुखण्यांवर शिकली होती. "सल्ला द्यायचा नाही, मावशी," भाचीने सकाळीच बजावलं. मावशीने मान डोलावली आणि पहिल्या तासाभरात एकाला चपला बदलायचा आणि दुसऱ्याला लग्न उरकून घ्यायचा सल्ला देऊन टाकला.

अकराच्या सुमारास टाय लावलेला एक तरुण आला. काउंटरला टेकून असा काही खोकला, की मावशीच्याच बरगड्या दुखल्या. "काकू, खोकल्याचं ते औषध द्या," म्हणत त्याने घड्या पडून मऊ झालेली चिठ्ठी पुढे केली. मावशीने त्याला जीभ बाहेर काढायला लावली, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, पंख्याखाली झोपू नकोस म्हणून दम दिला आणि बाटली दिली. तो दाराबाहेर पडला आणि खोकला गायब.

"काय गुणाचं औषध आहे गं!" तिने आत फोनवर असलेल्या भाचीला ओरडून सांगितलं. "नुसतं हातात घेतलं तरी उतार पडला!"

आतून फोन संपवून आलेल्या भाचीने चिठ्ठीबद्दल विचारलं आणि कपाळावर हात मारला. "तो नेहमीचाच. चिठ्ठीवर गेल्या वर्षीची तारीख असते त्याच्या. अगं, त्या औषधाने गुंगी येते. नशेसाठी आख्खी बाटली तोंडाला लावतात लोक."

"पण त्याने टाय लावला होता!"

"मग? टाय लावून नशा करायला बंदी आहे का?"

मावशीचा पारा चढला. तिला असं उल्लू बनवणं तीस वर्षांत नवऱ्यालाही जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निवृत्त हेडमास्तर खोकत आले, तेव्हा तिने चिठ्ठी उजेडात धरली, तारीख दोनदा वाचली आणि हुकूम सोडला, "हात पुढे करा. थरथरतात का बघू."

"बाई, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे! थरथरणारच!"

भाचीने दहादा माफी मागितली. हेडमास्तर तणतणत निघाले आणि कोपऱ्यापर्यंत खोकतच गेले, तेव्हा कुठे मावशीची खात्री पटली.

तिसऱ्या दिवशी टायवाला पुन्हा हजर. मावशी पदर खोचून तयारच होती. पण तिने नीट पाहिलं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, नाक वाहतंय, गारव्यातही कपाळावर घाम. त्याने खोकायला छाती फुगवली.

"राहू दे," ती म्हणाली. "घसा सोलून निघेल. रोज किती पितोस?"

त्याची छाती हळूहळू खाली बसली. "तीन बाटल्या. कधी चार. दुकानं बदलून घेतो." मग जरा थांबून म्हणाला, "सुरुवातीला खरंच खोकला होता, काकू. औषध घेतलं आणि सगळंच बरं वाटलं. साहेबसुद्धा."

"मग आजपासून सोडून दे. विषय संपला!"

"असं सुटत नाही, मावशी," भाची मागून हळूच म्हणाली. "एकदम बंद केलं तर अंग मोडून येतं, उलट्या होतात, झोप उडते. हट्ट नाही तो, आजार आहे. डॉक्टर लागतो."

मावशी घोटभर पाणी प्यायली. मग पर्स उचलली. "चल रे. दवाखान्यात मी येते तुझ्याबरोबर."

व्यसनमुक्तीच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"याला औषध न देणारी," मावशी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तो दोनदा वेळेवर गेला. तिसऱ्यांदा गेलाच नाही, संध्याकाळी दुकानात येऊन मान खाली घालून म्हणाला, "काल प्यायलो."

खडे बोल अगदी जिभेवर आले होते. पण पाय घसरू शकतो, तेव्हा परत यायची लाज वाटता कामा नये, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिने राग गिळला.

"उद्या दहा वाजता," ती म्हणाली. "आणि आंघोळ करून ये."