असाबेचं हसू

रकिया चार वर्षांची असताना तिला गोवर झाला. गोवर उतरला आणि मागोमाग हिरडी काळी पडली, मग गाल. गावात त्याला वाऱ्याचा आजार म्हणत. त्यातून उठणारी पोरं थोडी. रकिया उठली, पण डावा गाल आणि ओठाचा कोपरा गमावून. पुढे सोकोटो शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी छातीची कातडी काढून ती गालावर बसवली. भोक बुजलं. ओठ मात्र डाव्या बाजूला कायमचा वर ओढलेला राहिला. समोरचा काहीही बोलो, ही आपली त्याच्याकडे तुच्छतेने बघतेय असं वाटायचं.

त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर असाबे होती. तिचा उजवा गाल गेला होता. बरं व्हायला दोघींना महिने लागले आणि तेवढ्या दिवसांत त्या बहिणींसारख्या झाल्या. आपण दोघी खेटून बसलो की मिळून एक अख्खं तोंड होतं, असं असाबे म्हणायची, आणि नर्सबाई रागावल्या तरी म्हणायची.

घरी परतल्यावर रकियाच्या वडिलांनी तिला शाळेत घातलं. हिला कोण करून घेणार, तेव्हा निदान शिकू दे, असं ते तिच्यादेखत पाहुण्यांना सांगत. असाबेला कुणी शाळेत घातलं नाही. ती भावाच्या घरी राहिली आणि मोठी झाल्यावर मोटारतळाजवळ कोसाई तळून विकू लागली. चवळीच्या पिठाचे ते वडे सकाळी कढईतून निघाले की संपत. तळताना, भावाच्या अंगणात, लग्नकार्यात, कुठेही तिच्या चेहऱ्यावरचा पडदा खाली येत नसे. फक्त रकियाच्या खोलीत आली की ती तो उशीवर टाकायची आणि पाय पसरून बसायची.

रकिया मानसशास्त्र शिकली, विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली. तिथे डॉ. शेहू अर्गुंगू तिचे मार्गदर्शक होते. माणूस माणसाच्या तोंडावरून त्याच्या मनातलं कसं ओळखतो, हा त्यांचा विषय. या विषयातली जगभरची पुस्तकं धडधाकट चेहऱ्यांवर लिहिलेली आहेत, हे रकियाच्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं. तिने वाऱ्याच्या आजारातून वाचलेल्या माणसांचे फोटो काढले आणि ते आधी परक्यांना दाखवले, मग त्यांच्या घरच्यांना. परक्यांना बहुतेक फोटोंत राग दिसला, नाहीतर किळस. घरच्यांना आनंद, भीती, दुःख जिथल्या तिथे दिसलं. डॉ. शेहूंनी तो निबंध एका परिषदेला पाठवला. महिन्याभरात बेल्जियमच्या एका विद्यापीठातून प्राध्यापक मारलिस फर्होफ यांचं पत्र आलं. बाई या क्षेत्रात मोठ्या होत्या. त्यांच्याकडे पीएच.डी.ची एक जागा निघणार होती, चार वर्षांच्या शिष्यवृत्तीसकट. रकियाने अर्ज करावा, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि तोवर तिने अशा चेहऱ्यांचा एक चांगला संच तयार करावा, फोटो नव्हे, चालत्या फिल्मा, एकेका माणसाचे सहा भाव. कामाचं बळ त्याने वाढेल.

डॉ. शेहूंनी पत्र दोनदा वाचलं. अशी संधी या विभागात आजवर कुणाला आली नाही, असं म्हणाले, आणि कधी नव्हे तो तिच्यासाठी स्वतः उठून चहा घेऊन आले.

सोळा माणसं रकियाने गोळा केली. असाबेला तिने सगळ्यात शेवटी विचारलं, कारण तिचीच तिला धास्ती होती.

"माझं तोंड कशाला हवंय त्यांना?" असाबे म्हणाली. "त्यांच्याकडची संपली?"

"आपल्यासारखी नाहीत त्यांच्याकडे. लोक आपल्याला चुकीचं वाचतात ना, ते दाखवायचंय. डॉक्टरांना, मास्तरांना शिकवायचंय."

"आणि त्यावर तू तिकडे जाणार."

"मिळालं तर."

"मग तसं सांग की सरळ. शिकवायचंय म्हणे."

ती आली. संमतीचा कागद रकियाने तिला अंगणात हौसा भाषेत वाचून दाखवला, जरा घाईतच, कारण उजेड जात होता. असाबेने मध्येच थांबवून अंगठा कुठे करायचा ते विचारलं. भीती, दुःख, राग, सगळं ठीक पार पडलं. हसणं काही येईना. कॅमेऱ्यासमोर हसायचं म्हटल्यावर ती आणखीच अवघडली. मग रकियाने वॉर्डातल्या त्या कडक नर्सबाईंची चाल करून दाखवली, औषधाचा ट्रे सावरत, कुल्ले मिरवत. असाबे अशी हसली की तिला स्टूल धरावं लागलं. तिच्या हसण्यात उजवी बाजू हलत नाही. नाक आक्रसतं, डावा डोळा मिटतो, दात एकाच कडेने दिसतात. रकियाला त्याहून ओळखीचं हसू जगात नव्हतं.

मुलाखत संगणकावर झाली. पलीकडे चौघं बसली होती, मधोमध मारलिसबाई. रकियाने उत्तरं नीट दिली. अडखळली ती एकदाच, आणि लगेच सावरली. तिला बरं वाटत होतं, ती हसलीही दोन-तीनदा. संध्याकाळी तिने डॉ. शेहूंना सांगितलं की झाली चांगली.

जागा दुसऱ्याला गेली. योरिस नावाच्या तिथल्याच एका मुलाला.

कारण विचारायचा हक्क उमेदवाराला होता. रकियाने विचारलं. दोन आठवड्यांनी तिथल्या कार्यालयाने सदस्यांचे शेरे पाठवले. एकाने लिहिलं होतं, अभ्यास उत्तम, पण उमेदवार समितीशी तुच्छतेने वागल्याचं जाणवलं. दुसऱ्याने लिहिलं होतं, प्रश्न विचारले की ओठ मुडपून हसतात, गटात मिसळून काम करणं यांना जड जाईल.

रकियाने ते डॉ. शेहूंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे लोक शिकवतात काय, असं काहीतरी ते पुटपुटले. दुसऱ्या दिवशी मारलिसबाईंचा फोन आला. आपण समितीला तिच्या चेहऱ्याबद्दल आधी सांगायला हवं होतं, पण तसं सांगणं तिला कमीपणाचं वाटेल म्हणून राहून गेलं, असं त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर पडला होता. निकाल आता फिरवता येत नव्हता. पण तिने जमवलेल्या फिल्मा फार मोलाच्या आहेत, योरिस त्यांच्यावरच काम करेल, आणि रकियाने सोकोटोत राहून त्याला मदत करावी. पगारी काम. पुढच्या वर्षी आणखी एखादी जागा निघेलही.

रकिया हो म्हणाली. नंतर तिला त्या ‘हो’ची लाज वाटली, पण म्हणताना वाटली नाही. पुढचं वर्ष हे शब्द कानात राहिले होते. घरी आणि असाबेला तिने सांगितलं की व्हिसाचं काहीतरी अडलं.

वर्षभर ती योरिसला पत्रं लिहीत राहिली. कोण किती वर्षांचा, आजार कधी झाला, कोणत्या बाजूला. फिल्मा तिकडे शेकडो लोकांना दाखवल्या गेल्या. निकाल तिला कळत होते. असाबेच्या हसण्याचा निकाल वाचून तिने संगणक बंद केला आणि तो विषय काढायचा नाही असं ठरवलं.

मग थंडीत, वाळवंटातून धुळीचे वारे सुरू झाल्यावर, योरिस स्वतः आला. उंच, लाजरा, चांगल्या स्वभावाचा मुलगा. चपला दाराबाहेर काढायचा, सगळ्यांना हौसात सलाम करायचा आणि चुकला की स्वतःच लाल व्हायचा. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि रकियाला त्याचंच जास्त जड जात होतं. त्याला काही जणांच्या फिल्मा पुन्हा हव्या होत्या. असाबेची सगळ्यात आधी.

परक्या पुरुषासमोर तोंड उघडायला असाबेने साफ नकार दिला. रकियाने तिला परत समजावलं. तो डॉक्टरसारखाच आहे म्हणाली, मी शेजारीच बसेन म्हणाली. शेवटी असाबे एका दुपारी आली, रकियाच्या खोलीत स्टुलावर बसली आणि पडदा बाजूला केला. योरिसने कॅमेरा चालू करून ठेवला. सुरुवातीला जरा गप्पा माराव्यात, त्यांना मोकळं वाटेल, असं तो म्हणाला. मग उत्साहाने इंग्रजीत बोलू लागला. यांना सांगा, आमच्या सगळ्या संचात यांचं हसणं सर्वांत महत्त्वाचं ठरलं. इतक्या लोकांना दाखवलं, पण ते हसू आहे हे जवळजवळ कुणालाच ओळखता येत नाही. बहुतेकांना किळस दिसते, काहींना राग. माझा पहिला निबंधच यांच्या हसण्यावर आहे.

तो थांबला आणि रकियाकडे बघू लागला.

"तो म्हणतो," रकिया असाबेला म्हणाली, "तुझं हसणं तिकडे सगळ्यांना फार आवडलं."

असाबे तिच्याकडे बघत राहिली.

"एवढं सगळं बोलला, आणि म्हणाला एवढंच?"

"साधारण तेच."

"रकिया, इकडे बघ. भिंतीकडे नको, इकडे." असाबेचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टर टाके काढायला यायचे तेव्हा तू असंच तोंड करायचीस. दुखत नाही म्हणायचीस. काय बोलला तो?"

रकियाने सांगितलं. शब्दाला शब्द, काही न गाळता. एकदा सुरू केल्यावर मऊ करून सांगायला तिला सुचलंच नाही.

बाहेर कुणीतरी उखळात कुटत होतं.

"आणि तुझं ते व्हिसाचं?"

"व्हिसा नव्हता. जागा याला मिळाली," रकिया म्हणाली. "मुलाखतीत मी हसले. त्यांना वाटलं, मी त्यांना तुच्छ लेखते."

"कुणाला वाटलं?"

"तिथल्या प्राध्यापकांना."

"जे तोंडं वाचायला शिकवतात, त्यांना?"

"त्यांनाच."

असाबे हसली. नाक आक्रसलं, डावा डोळा मिटला, मान मागे गेली आणि ती हसत राहिली, खांदे हलेपर्यंत. त्यात कुठेही गंमत नव्हती, पण ते हसूच होतं. योरिस खुर्चीच्या कडेला सरकला.

"त्या रागावल्या का?" त्याने हळूच विचारलं.

"हो," रकिया म्हणाली. "रागावल्या."

असाबेने डोळे पुसले, पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, माझं हसू परत माग त्याच्याकडे. आजचं पण आणि मागचं पण.

आजचं त्याने तिथल्या तिथे पुसलं, तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवून पुसलं. मागचं शक्य नव्हतं. फिल्मा आता कितीतरी विद्यापीठांत गेल्या होत्या, कुणीही अभ्यासक त्या मागून घेऊ शकत होता. कागदात तसं लिहिलेलं होतं, वाटप होईपर्यंतच माघार घेता येईल. त्याला खरंच वाईट वाटत होतं, तो तीन-तीनदा माफी मागत होता. रकियाने ती माफी सांगितली. कागदातलं ते वाक्यही सांगितलं. अंगणात, उजेड जाता जाता, ते तिनेच वाचून दाखवलं होतं, हे सांगायची गरज नव्हती.

योरिस सामान आवरून गेल्यावर असाबे उठली. दारात थांबली.

"कागदाचं मला काही नाही," ती म्हणाली. "मी तो ऐकलाच नव्हता. तू जाणार होतीस म्हणून मी तोंड उघडलं. तू गेली असतीस ना, तर मग तिकडे कुणाला किळस येवो नाहीतर आणखी काही, मी मनाला लावून घेतलं नसतं. पण तुझ्या जागी गेला तो. आणि मी माझं हसू कशासाठी दिलं, ते तू मला सांग."

असाबेने थोडी वाट पाहिली आणि ती निघून गेली.

रकियाने काम सोडलं. मारलिसबाईंनी तिला समजुतीचं लांब पत्र लिहिलं, त्याला तिने दोन ओळींचं उत्तर पाठवलं. योरिसचा निबंध छापून आला, त्यात शेवटी आभारांत तिचं नाव होतं, बरोबर लिहिलेलं. पुढच्या वर्षी खरंच जागा निघाली. डॉ. शेहूंनी जाहिरात तिला दाखवली आणि नेहमीप्रमाणे चष्मा पुसत बसले. तिने अर्ज केला नाही. त्यांनीही आग्रह केला नाही, आणि त्याचं तिला बरं वाटलं की वाईट, हे तिला ठरवता आलं नाही.

आता ती अध्यापक महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवते. सुरुवातीला मुलांनी प्राचार्यांकडे तक्रार केली, मालमा, म्हणजे बाई, आम्हाला हसतात म्हणून. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला ती फळ्याकडे पाठ करून उभी राहते आणि आपल्या तोंडाचा अर्थ मुलांना समजावून सांगते. ओठ वर आहे तो ऑपरेशनमुळे. हसले तर मी सांगेन की हसले. मुलं खाली मान घालून ऐकतात.

सकाळी कामावर जाताना कधी कधी ती मोटारतळावर उतरते. असाबेच्या कढईभोवती ड्रायव्हर, हमाल, शाळेची पोरं यांची गर्दी असते. रकिया रांगेत उभी राहते. तिचा नंबर आला की असाबे पडद्यावरून तिच्याकडे बघते, कागदाचा तुकडा हातात घेते आणि इतर गिऱ्हाइकांना विचारावं तसं विचारते, किती देऊ, आणि मिरची घालू की नको.