माशाच्या कानातला हिरवा उजेड

प्रयोगशाळेत तिला तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे थापाडी काकू. तिला दोन्ही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचाच अभिमान जास्त. एकदा तिने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं होतं, की तीन नंबरच्या टाकीतल्या माशाला सर्दी झालीय, काल त्याने अशी शिंक दिली की काचेला तडा गेला. वॉचमन बिचारा आठवडाभर त्या टाकीकडे पाठ करून जात होता.

तोंड कितीही सुटलं तरी तिच्या हाताला मात्र थाप ठाऊक नव्हती. करंगळीएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा, त्याचं डोकं मेणात बसवायचं आणि कांद्याच्या पापुद्र्याला लाज वाटावी असे पातळ काप काढायचे. सुरी बरोबर आतल्या कानातून गेली पाहिजे. तेवीस वर्षं ती हेच करत आली होती.

प्रयोग बाईंचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा. एक कडक औषध पाण्यात घातलं की माशाच्या कानातल्या ऐकणाऱ्या पेशी मरतात. त्या पेशींच्या मागे जी नस असते तिला वाढवणारं प्रथिन या पेशींकडूनच मिळतं, त्यामुळे ती उपाशी पडते. माणसाच्या कानात मेलेल्या पेशी परत येत नाहीत, नसही हळूहळू सुकते. मासा मोठा बहाद्दर. दोन-तीन आठवड्यांत नव्या पेशी उगवून मोकळा. मग तोवर त्याची नस जगते कशी? बाईंचं म्हणणं, उपासाच्या दिवसांत ती अंगावर जास्तीची तोंडं उघडते आणि मिळेल तिथून ते प्रथिन गिळते. या तोंडांना म्हणायचं रिसेप्टर. ती दिसावीत म्हणून कापांवर आधी अँटीबॉडी घालायची, ती रिसेप्टरला चिकटते. मग अँटीबॉडीला चिकटणारा रंग घालायचा. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकलं, की तोंडं आहेत.

आणि चमकत होतं. गेली तीन वर्षं, दर वेळी.

काकूला या हिरव्याचं एवढं वेड का, तर नवऱ्यापायी. तो बस डेपोत मेकॅनिक, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. गाडी फाटकातून आत येत असतानाच हा चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेलाय, उघडून बघा." उघडलं की तेच. मग त्याला छातीचं मोठं दुखणं झालं, चार महिने इंजेक्शनं टोचली. छाती सुधारली, कान गेले. ती इंजेक्शनं माशांच्या पाण्यात पडणाऱ्या औषधाच्याच जातीची.

तेव्हापासून घरात बोलायची वही आली. संध्याकाळी काकू त्यात दिवसाची थाप लिहायची. 'आज एका माशाने नवा कान उगवला आणि मलाच विचारलं, काकू, कुजबुजता कशाला, मोठ्याने बोला की!' तो खदाखदा हसायचा, त्याचं हसणं शेजारच्या दोन घरांत ऐकू जायचं. थापेखाली ती एक खरी ओळ लिहायची. 'नस हिरवी होती.' त्या ओळीवर तो बोट ठेवून जरा वेळ बसायचा.

डेपोने त्याच्यापुढे एक कागद ठेवला होता. वर्कशॉप सोडून सुट्या भागांच्या खोलीत बसायचं, पगार थोडा कमी, पण नोकरी राहील. सही केली की वर्कशॉपमध्ये परत यायचा रस्ता बंद. सही नाही केली तर शुक्रवारी नाव कमी.

"नाही करत जा!" तो आवाज चढवून म्हणायचा, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे. "नटबोल्ट मोजायला बसू मी? दोन वर्षांत कानाचं औषध येईल, असं बाई म्हणाल्यात ना? मग? थांबतो मी."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत काकू डेपोत गेली. कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला. "काकू, साहेबांनी तीनदा मुदत वाढवली. उस्ताद म्हणून वाढवली. आता नाही हो जमणार."

ती परतली ती डोकं धरूनच. टेबलावर सकाळच्या स्लाइड वाळत होत्या. दर वेळी एका स्लाइडवर अँटीबॉडी मुद्दामच घालायची नाही, बाकी सगळं तेच, रंगसुद्धा. तिला कोरी म्हणायचं. कोरी काळी दिसली पाहिजे. तरच बाकीच्यांचं हिरवं खरं.

काकूने कोरी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. हिरवी. लखलखीत हिरवी, नसेच्या कडेकडेने, बाकीच्यांसारखीच.

आधी वाटलं स्लाइड बदलली. नंबर पाहिला, दोनदा पाहिला. मग तिला आठवलं. कोरी ती नेहमी सगळ्यात शेवटी धुवायची, वेगळ्या बरणीत, आणि ती पाण्यात ठेवून डबा खायला बसायची. अर्धा-पाऊण तास. आज डेपोत जायच्या घाईत तिने कोरीही बाकीच्यांबरोबरच बाहेर काढली होती.

तिने अँटीबॉडी घातलेल्या दोन खऱ्या स्लाइड उचलल्या, वरची काच सोडवली आणि त्या कोरीच्या बरणीत सोडल्या. पाऊण तास घड्याळाकडे पाहत उभी राहिली. बाहेर काढल्या तेव्हा काळ्या. ना तोंडं, ना काही. तीन वर्षं जे चमकत होतं तो नुसता धुवायचा राहिलेला रंग होता.

कोरी पुन्हा पाण्यात बुडवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चिमट्यात ती स्लाइड धरून काकू बरणीवर बराच वेळ उभी होती. मग तशीच बाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काकू, ही थाप असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही."

"या वेळी नाही हो बाई."

बाई स्वतः जाऊन बघून आल्या आणि खुर्चीत बसल्या. "पाठवलेला लेख परत मागवावा लागेल," म्हणाल्या.

"आणि औषधाचं?" काकूने विचारलं.

"कुठल्या औषधाचं?" बाईंना खरंच कळलं नाही. "औषध येतंय असं मी कधी म्हणाले होते का, काकू?"

नव्हत्या म्हणाल्या. कधीच नाही.

संध्याकाळी काकूने वहीत लिहिलं, 'हिरवं खोटं निघालं. सही करा.' त्याने वाचलं आणि मांडीवर थाप मारून हसला. "वा! आज उलटी थाप! मासा काय म्हणाला मग, कान परत घ्या?" तिने पुन्हा लिहिलं, अधोरेखित केलं. तो आणखीच हसला. एवढी वर्षं तिने त्याला हेच तर शिकवलं होतं.

शुक्रवारी सकाळी बाईंची परवानगी काढून ती त्याला प्रयोगशाळेत घेऊन आली. ताज्या रंगवलेल्या दोन स्लाइड दाखवल्या, एक खरी, एक कोरी. दोन्ही हिरव्या. त्याच्याच हातांनी दोन्ही धुवायला लावल्या. पाऊण तास तो स्टुलावर बसून होता. मग पुन्हा भिंगाला डोळा लावला. अंधार.

मेकॅनिक माणूस, लगेच समजला. "म्हणजे इंजिन कधी तपासलंच नाही," तो म्हणाला. "मीटरच बिघडलेला."

तिने मान हलवली.

"आणि बाई दोन वर्षं म्हणाल्या होत्या, ते?"

वहीत लिहायला तिला वेळ लागला. 'ते मी म्हटलं होतं.'

त्याने ओळ वाचली. तिच्याकडे पाहिलं नाही. उठला, दाराबाहेर पडला आणि टाक्यांच्या खोलीत शिरला. ती मागोमाग. रांगेने टाक्या, त्यांत ते पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि कोपऱ्यात सगळ्या टाक्यांना हवा पुरवणारा पंप घरघरत होता. महिनाभर त्याचा आवाज बिघडलेला होता, काकूलाही कळत होतं. त्याने पंपावर तळहात ठेवला. मग दुसरा ठेवला. डोळे मिटून, मान जरा कलती करून उभा राहिला, डेपोत राहायचा तसा.

काकू बघत राहिली.

"चालू आहे एवढं कळतं," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात. "कसा चाललाय ते नाही गं कळत."

त्याने हात पँटला पुसले आणि एक तिच्यापुढे पसरला.

"पेन दे. अकराला डेपोतली खिडकी बंद होते."