तांबडं फुटण्याआधीचा भोंगा

मी तोरणमाळचा कोंबडा बोलतोय. एरवी मी आरवतो. आज जरा बोलू द्या, पोटात फार साठलंय.

मी आणि माझा भाऊ एकाच कोंबडीच्या पंखाखाली वाढलो. आमच्या माळावर घड्याळ कुणाकडेच नव्हतं. अंधार पडला की माणसं झोपत, पूर्वेच्या कड्यावर फिकट रेघ उमटली की उठत. उठवायचं काम आमचं, आणि त्याचा आम्हाला कोण तोरा!

ज्वारी निघाली की माणसं मजुरीसाठी खाली उतरत. कालीबाईही नंदुरबारच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, निघाली. तिचा नवरा आमशा गुरांसाठी मागे राहिला. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच दुरावत होती. आमच्याकडची रीत अशी, की परगावी घरचाच कोंबडा न्यायचा. परक्या कोंबड्याच्या हाकेवर कोण उठणार? म्हणून मी तिच्या काखेत आलो, भाऊ आमशाकडे राहिला. दोघांचं ठरलं, कोंबडा आरवला की उठायचं आणि एकमेकांच्या दिशेला तोंड करून हाक मारायची.

पहिला हिवाळा बरा गेला. रोज पहाटे ती झोपडीबाहेर येई, डोंगराकडे बघून 'आमशा' म्हणे आणि मगच चूल पेटवी. जिनाचा भोंगा त्यानंतर, उजाडल्यावर वाजे.

दुसऱ्या हिवाळ्यात येतो तो काय, जर्मनीशी चाललेल्या लढाईपायी गोऱ्या सरकारने घड्याळं तासभर पुढे सरकवलेली! भोंगा काळोखातच वाजू लागला. काली माझ्या भरवशावर निजून राहिली, तसा मुकादम चुनीलाल झोपडीशीच येऊन ओरडला.

"तुन्हा कोंबडा झोपाळू शे, कालीबाई! भोंगा कवयच वाजी गया. आते उशीर व्हयना तं कामवर येऊ नको!"

"मन्हा कोंबडा खोटा नई, दादा. तुमना भोंगाच रातले वरडस."

पण पोटापुढे कुणाचं चालतं? दुसऱ्या दिवशी तिने भोंग्याआधी माझ्या डाल्याशी दिवा लावला. उजेड दिसला, मी आरवलो. ती डोंगराकडे वळली, हाक ओठांवर आली आणि तशीच राहिली. तिकडे मिट्ट काळोख होता, आमशा झोपेत होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणता ना? मग दिवा लावला म्हणून ते लवकरही फुटत नाही. तिने दिवा फुंकला आणि ती मला उराशी धरून रडली.

आता ती भोंग्यावर उठते, चाचपडत जिनात जाते. तिथल्या खडखडाटात माझी हाक तिला ऐकू जात नाही. घड्याळवाल्यांनो, काटे हवे तिथे न्या; तांबडं फुटेल तेव्हा तिला घटकाभर जिनाच्या दाराशी येऊ द्या, एवढंच मागणं.

मी वेळेवर आरवतो. वर माझा भाऊही आरवत असेल. आमशा उठून इकडे तोंड करून 'काली' म्हणत असेल, तीही आत्ताच उठली अशा समजुतीत. आणि इथे त्याला ओ द्यायला झोपडीत मी एकटाच असतो.