पाणी घातलेला पेला

हे मी सांगतो ते कोणी खरं मानणार नाही. आर्वीच्या हॉटेलात सांगितलं तर लोक कपबशी खाली ठेवून हसतात. नलू मात्र हसली नाही. ओसरीवर बसून, पिशवी मांडीवर घट्ट धरून, ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. कंडक्टर फाटक्या नोटेकडे पाहतो ना, तसं.

नलू म्हणजे लहानूची पोरगी. आमच्या रोहण्याच्या छोट्या चर्चची किल्ली एके काळी लहानूकडे असायची. चौऱ्याहत्तर साली तो बायकोपोरीला घेऊन समुद्रपूरला निघून गेला. त्यानंतर बारा वर्षांनी, ऐन उन्हात, ही पोरगी एकाएकी माझ्या दारात.

"भैयाजी काका, बाबा बिमार हाय," ती म्हणाली. "त्या ईस्टरच्या रविवारी काय झालं, ते तुमच्या तोंडून ऐकाचं हाय मले."

माझ्याच तोंडून काऊन? गावात तोंडं काय कमी होती?

"बोलते का लहानू?" मी हळूच विचारलं.

"कमी बोलते."

मला जरा धीर आला. "अन् तू तवा केवढी होती व?"

"लहान होती."

आणखी धीर आला. मी तंबाखू मळायला घेतली.

"तर ऐक. रोहण्यात द्राक्षाचा वेल कोणी पाह्यला हाय? म्हणून प्रभुभोजनासाठी आपले पाद्रीबाबा सदाशिवराव काळ्या मनुका उकळून त्याचा रस गाळत. बाटली चर्चच्या कपाटात. ईस्टरच्या आदल्या दुपारी मी बाक ठोकाले गेलतो. सुतार ना मी! लहानूनं दार उघडून दिलं, खिळे काढाले कपाट उघडून दिलं, अन् माझ्यासाठी पाणी आणाले विहिरीवर गेला. ऊन असं, की हातोडीचा दांडा घाम गाळून राह्यला होता. बाटली दिसली. एक घोट घेतला. त्या घोटाले एकटं वाटू नये म्हणून दुसरा घेतला. अर्धी बाटली खाली! तेवढ्यात लहानूची चाहूल लागली. त्यानं गडवा खाली ठेवला अन् बाहेर आंगण झाडाले गेला. त्यानं आणलेलं पाणी मी बाटलीत ओतलं."

नलूनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला.

"हे आजवर कोणाले सांगितलं तुम्ही?"

"तेच तर सांगून राह्यलो. दम धर."

रविवारी पाद्रीबाबांनी रस ओतला तो गढूळ, फिक्का. सगळ्यांच्या माना लहानूकडे वळल्या. किल्ली त्याची, आणि बाप्तिस्मा घेण्याआधी तो दारू प्यायचा, हेही सगळ्यांना ठाऊक. पाद्रीबाबांनी कोणाचं नाव घेतलं नाही. रिवाजाप्रमाणे एवढंच म्हणाले, ज्याच्या मनात पाप दडलं असेल त्यानं ओठ न लावता पेला पुढे द्यावा. आमच्याकडे पेला एकच. बाकाबाकांवरून हातोहात फिरायचा, आणि जो तो दुसऱ्याच्या ओठांकडे बघायचा. इथवर सगळं खरं. आता पुढचं.

"आनंदाबाईनं पेला हुंगला अन् पुढं दिला," मी नलूला म्हणालो. "तिनं शेजारणीची कोंबडी शिजवली होती. किसनरावानं डोळे मिटून पुढं दिला, शेताच्या धुऱ्याचा दगड सरकवला होता त्यानं. नऊच्या नऊ घरं, पोरी! एकानंही ओठ लावला नाई. पाद्रीबाबाची बायको तर पदराआड तोंड लपवून बसली. मग पेला तुझ्या बापापाशी आला. त्यानं सरळ तोंडाले लावला. अख्ख्या मंडळीत निर्मळ माणूस एकच, लहानू!"

"अन् तुम्ही?"

"मी? मी ताडकन उभा झालो! म्हटलं, पाद्रीबाबा, पाणी म्या घातलं, लहानूकडे बोट करू नका. भर चर्चमधे गुडघे टेकले. बाया रडल्या. तुझ्या बापानं मले असं कवटाळलं, की हे बरगडं अजून दुखते. अन् दोरीले कोणाचा हात नसताना घंटा वाजली!"

"मग बाबाची किल्ली काऊन गेली?"

"गेली नाई व. त्यानंच देऊन टाकली. समुद्रपूरले कापसाच्या जिनिंगात काम लागलं ना त्याले."

नलू उठली. शेजारी दोन बाया तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

"खोटं हाय, काका!" ती मोठ्यानं म्हणाली. "मी सात वर्षांची होती. बाबाच्या मांडीवर बसली होती. सगळ्याइनं पेला घेतला. एकट्या बाबानं सोडला, अन् माझ्या डोक्यावरून तुमच्या हातात दिला. तुम्ही प्यायले, मिशा पुसल्या. बाबानं पेला सोडला म्हणून लोकाइनं त्याले चोर ठरवलं. त्याले ठाऊक होतं कोण प्यायलं ते. तुमच्यावरचा राग मनात घेऊन पेल्याले ओठ लावाचा नाई, म्हणून सोडला त्यानं. बारा वर्षं लागली तो राग जायले. तुम्हाले माफ केलं हे सांगाले त्यानं मले पाठवलं, अन् तुम्ही ते माफीचं ताट आपल्याच हातानं वाढून घेऊन बसले!"