लंडनला जाऊन आलेला बाक

मी बाक बोलतोय. उभ्याने ऐकू नका, आधी बसा. कालपर्यंत मधे दोरी आडवी यायची, ठाऊक आहे मला. त्या दोरीचीच तर गोष्ट आहे.

धामापूरजवळच्या एका वाडीत लवू मेस्ताने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. देवळाच्या ओसरीवर माझी जागा. बाजारातून परतणारी मथुराकाकी, एसटीची वाट बघणारी पोरं, निवडणुकीत पडलेले उमेदवार, सगळे माझ्यावरच टेकायचे. शाळकरी अजयने तर कर्कटकाने माझ्या कडेवर आपलं नाव कोरून ठेवलंय.

आणि जत्रेला दशावताराची कंपनी आली की मी सिंहासन व्हायचो. कंपनी मुकुट आणते, तलवारी आणते, बाक मात्र जिथे खेळ तिथल्या गावाने द्यायचा, ही जुनी रीत. अंगावर चादर टाकली की मी राजवाडा, चादर काढली की डोंगर. पण एक अट आहे. कुणीतरी बसल्याशिवाय मी काहीच होत नाही.

आमच्याकडे पाऊस लागतो तेव्हा लंडनला उन्हाळा असतो. तिकडची माणसं गमतीची. ऊन चार दिवसांचं पाहुणं, म्हणून चित्रं, नाच, नाटकं सगळं त्या चार दिवसांत उरकून घेतात. अशाच एका महोत्सवाचं बोलावणं सत्यवानच्या कंपनीला आलं. सत्यवान आमच्याच वाडीतला. तीस वर्षं राजाचं काम करतो, त्यामुळे भाजी आणायलाही राजासारखाच चालत जातो.

अर्ज भरला त्याच्या भाचीने, तन्वीने. ‘नेपथ्य’ या रकान्यात तिने रीतीप्रमाणे लिहिलं, ‘एक बाक’. म्हणजे तो लंडनने द्यायचा. लंडनला वाटलं, नेपथ्यात एकच वस्तू, म्हणजे ती केवढी दुर्मीळ असणार! जपून पाठवा, असं उत्तर आलं.

“येवढ्या मोठ्या शहरात बसाक एक बाक गावना नाय?” सत्यवानने विचारलं.

“मामा, त्यांका वाटता, तो आमचो खास बाक आसा.”

“मग घेवन चल. पण हयसर लोकांनी बसाचा खंय?”

मी विमानात बसलो, म्हणजे मला खोक्यात घालून बसवलं. तिथे पोचल्यावर खोकं उघडणाऱ्यांनी मला रंगमंचाकडे नेलंच नाही. थेट पांढऱ्या भिंतींच्या दालनात ठेवलं, भोवती मखमली दोरी बांधली आणि शेजारी पाटी लावली.

लोक यायचे, मान तिरकी करायचे, हनुवटीला हात लावून उभे राहायचे. अजयच्या नावापुढे एक बाई दहा मिनिटं थांबली आणि डोळे पुसत गेली. पाय दुखत होते त्या सगळ्यांचे, मला कळत होतं. पण समोर बाक असून कुणी बसेना! माणसाने कलेला एवढं घाबरावं का?

खेळ दुपारी होता, आणि वेळ फक्त वीस मिनिटं. “आमचो सुरवातीचो गणपती येवन जायसर वीस मिनटां सोपतत,” सत्यवान म्हणाला, तरी तयार झाला. पण बाक मागितला तेव्हा त्याला घडीची खुर्ची मिळाली. सरावात राजाने मांडी ठोकली आणि खुर्ची राजासकट मिटली.

“माका माझो बाक होयो. त्याच्याबगर राजा उभो रवात, पण बसतलो खंय?”

मुकुट, तलवार, गालावर लाली, अशा थाटात तो मला शोधत दालनात शिरला. मागे तन्वी, तिच्यामागे पखवाजवाला. पहारेकऱ्याने हात आडवा केला. तन्वीने पाटी वाचून दाखवली, “मामा, हयसर लिवलाहा: ‘रिक्त आसन. कारागीर अज्ञात.’”

“अज्ञात? लवू मेस्तान केलेलो तो! माझ्या लग्नाक जेवलेलो लवू!”

“ती कलाकृती आहे, बसता येणार नाही,” पहारेकऱ्याचं म्हणणं तन्वीने सांगितलं.

“आणि मी कोण?” सत्यवान म्हणाला.

हे तन्वीने इंग्रजीत सांगितलं की नाही, मला आठवत नाही. सत्यवानने दोरी ओलांडली, मला हात लावून तो कपाळाला लावला आणि धपकन बसला. राजा बसला की थाप द्यायची, ही पखवाजवाल्याच्या हाताची सवय. थाप पडली आणि खेळ सुरू झाला.

इतर दालनांतली माणसं धावत आली आणि जमिनीवरच बसली. पहारेकरी बिचारा मधेच अडकला. सत्यवानने त्याच्याकडे पाहिलं. दशावतारात संहिता नसते, सुचेल ते बोलायचं असतं.

“प्रधानजी, प्रातःकाळापासून आपण उभे आहात. आसनस्थ व्हा!” आणि हळूच, बाजूची जागा थोपटत, “बस रे बाबा, पाय सुजतले.”

तो बसला. ती वीस मिनिटं पाऊण तास चालली.

गावी परतलो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा! पण वाडीने मला हार घातला. ‘लंडन येथे प्रदर्शित’ अशी पाटी लावली आणि भोवती निळी नायलॉनची दोरी बांधली. मथुराकाकी टोपली घेऊन उभीच राहू लागली. जत्रा जवळ आली तर म्हणतात, सत्यवानला दुसरा बाक द्या, हा मोडेल. अरे, मी मोडेन तो असा, रिकामा राहून!

आज सकाळी मथुराकाकी लाकडाचा भारा घेऊन आली. भाऱ्याचा बंद तुटलेला. तिने इकडेतिकडे पाहिलं.

“कोणाची गो ही दोरी? उगाच बांधून ठेवलीहा.”

तिने गाठ सोडली, दोरीने भारा आवळला आणि मग, “देवा म्हाराजा,” म्हणत माझ्यावर टेकली.

जत्रेला अजून आठ दिवस आहेत. पण माझं सिंहासन आजच झालं. काकी एका बाजूला बसलीय, बाकीची जागा रिकामी आहे. तुम्ही अजून उभेच?