वाडग्यात पाणी पिणारा कोंबडा

थॅकम बुद्रुकात एक बँक, दोन शाळा आणि स्वतःबद्दलचं मत भलतंच चांगलं. थॅकम खुर्दात एक चर्च, एक दारूचा गुत्ता आणि म्युरिएल टॅपस्कॉट. तरी बुद्रुकवाल्यांचा डोळा खुर्दाच्या ओढ्याकाठच्या कुरणावर. का, तर मोटारी उभ्या करायला! खुर्दाची जत्रा भरते ती त्याच कुरणात, म्युरिएलचा चहाचा तंबू लागतो तो तिथेच, आणि तिच्या लग्नाला सगळं गाव नाचलं तेही तिथेच.

गाळाखाली गेलेला शिवेचा दगड कुरणाच्या पलीकडच्या टोकाला निघाला, तर कुरण खुर्दाचं, नाहीतर बुद्रुकाचं. शिवेच्या दगडादगडावरून गावाने घालायची आजची शीवफेरी संपेपर्यंतची मुदत दोन्ही गावांनी सह्यांनिशी कबूल केली होती.

म्हणून यंदा फेरीला अख्खं खुर्द लोटलं होतं. हातात विलो झाडाच्या काठ्या, पायांत चिखलाचे बूट. दगड आला की त्यावर काठ्यांचा सडसडाट, मग कुणाला तरी उलटं धरून त्याचं डोकं दगडावर टेकवायचं. ज्याच्या डोक्याला शीव लागली, तो ती विसरत नाही, हा वाडवडिलांचा हिशोब.

कुरणातल्या दगडाला डोकं टेकवलेलं एकच माणूस आता हयात होतं, म्युरिएल. तेव्हा ती सात वर्षांची, ज्या पुराने दगड गाळात गाडला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आणि तिला आठवत काय होतं? ‘कोंबडा वाडग्यात पाणी पीत होता.’ बस्स, एवढंच. त्या कोंबड्याने तिला जन्मभर छळलं. तिच्या वाणसामानाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी कोंबड्याची खुशाली, मग साखर. म्युरिएलही कमी नव्हती. कोण स्वस्त चहा नेऊन पाहुण्यांपुढे महागड्या डब्यातून काढतं, हे तिला तोंडपाठ होतं, आणि वेळ आली की ती चारचौघांत डब्याचं नाव काढायची.

“काय टॅपस्कॉटबाई, कोंबडा आला का फेरीला?” बुद्रुकाचे अध्यक्ष डडली प्राउज कुरणाच्या फाटकाशी घड्याळ चोळत उभे होते.

“तुम्ही आलात ना, मग खुराडं भरलंच म्हणायचं,” म्युरिएल म्हणाली. हसली खरी, पण नजर कुरणावरच होती. सकाळपासून तिने अर्धं कुरण पालथं घातलं होतं. ना वाडगं, ना कोंबडा.

फाटकाशी शिवेचा एक दगड होता. तिथे पोरांनी मुद्दाम गुत्तेवाल्या क्लेमेंटला धरलं. तीन पिंपांएवढा ऐवज उलटा करायला सहा जण लागले.

“अरे सोडा, मेल्यांनो! खिशातली चिल्लर चालली! आणि हे काय, चर्च आभाळात लोंबतंय!”

म्युरिएलच्या हातातली काठी गळून पडली.

“मी उलटी होते!” ती किंचाळली. “क्लेमेंट, मी उलटी होते रे तेव्हा!”

“मी अजून आहे, बाई!”

“त्याला टाका आणि मला धरा!”

“या वयात?” पाद्रीसाहेब कळवळले.

“वय दगडालाही झालंय. पँट नवऱ्याची घातलीय, लाज झाकलेली आहे. धरा म्हणते ना!”

धरलं. पाय क्लेमेंटच्या खांद्यावर, कंबर दोघांच्या हातांवर, पांढरे केस गवताला लागलेले. अशी वरात कुरणभर निघाली. मागे गाव धावत होतं, कुत्री भुंकत होती, प्राउज ‘नियमात बसत नाही’ ओरडत होते, पण पळत तेही होतेच.

“डावीकडे! माझं डावं नाही, तुमचं! खाली घ्या, आणखी खाली! अरे, पोर होते मी, जिराफ नव्हते!”

ओढ्यावरच्या दगडी पुलाची कमान तिच्या डोळ्यांपुढे उलटी झाली होती. गोल, खोलगट, थेट वाडग्यासारखी. वाडगं रिकामं होतं. क्लेमेंट एक पाऊल सरकला. पुलापलीकडून चर्चच्या कळसावरचा, वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा हळूच कमानीत उतरला, पाय वर, चोच थेट वाडग्याच्या तळाला.

“पितोय!” म्युरिएलचा आवाज फाटला. “पितोय गं बाई! खणा! माझ्या डोक्याखाली खणा!”

“आधी डोकं काढा!” पाद्रीसाहेब ओरडले.

कुदळी पडल्या. माती, गाळ, पुन्हा गाळ. मग कुदळ ठण्णकन वाजली, आणि अख्ख्या खुर्दाने अशी आरोळी ठोकली की कळसावरचे कावळे उडाले. दगडावर खुर्दाची खूण कोरलेली होती. पलीकडचं टोक, अगदी कुंपणालगत.

काठ्यांचा सडसडाट झाला. म्युरिएल गवतात बसली होती, लालबुंद, केसांत माती.

“आता डोकं कुणाचं टेकवायचं?” क्लेमेंटने विचारलं.

सगळ्यांच्या माना प्राउजकडे वळल्या.

“खुर्दाला आठवतंच हो,” म्युरिएल गोड आवाजात म्हणाली. “विसर पडतो तो बुद्रुकाला.”

प्राउजनी एकवार फाटकाकडे पाहिलं. ते लांब होतं. त्यांनी चष्मा काढून म्युरिएलच्या हातात दिला.

“दिसतंय का काही?” पाय वर गेल्यावर तिने विचारलं.

प्राउजनी डोळे बारीक केले.

“अंधुक आहे,” प्राउज खालून म्हणाले. “पण... पितोय खरा.”